पंचवीस गुणांची अट आणि पुढचा कोऑर्डिनेटर

आज क्रिकेट नाही. आज एका नोकरीबद्दल बोलायचंय. ती कोणाला मिळणार यावर अमेरिकेतलं एक राज्य जवळजवळ तीन महिने तर्क लढवत होतं. नोकरी राज्यपालाची नव्हती की कुलगुरूंची नव्हती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची होती. आणि गंमत अशी, की हा संघ त्या वर्षी हरत नव्हता. जिंकत होता.

राज्य आयोवा, गाव आयोवा सिटी. मराठी माणसाला हे नाव अगदीच परकं नाही. दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात इथल्याच इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्ये होते. साहित्यिकांचं गाव म्हणून युनेस्कोनं त्याला मान दिलाय. पण शरद ऋतूतल्या शनिवारी तिथे कवितेचं नाव कोणी काढत नाही. गावाची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास आणि किनिक स्टेडियममध्ये माणसं बसतात एकोणसत्तर हजारांवर. राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बेसबॉलचा, ना बास्केटबॉलचा. त्यामुळे शेतकऱ्यापासून विमा कंपनीतल्या कारकुनापर्यंत बहुतेकांचा जीव कॉलेजच्या संघांत अडकलेला.

आता ही नोकरी काय असते ते आधी समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या अकरा जणांचा एक गट आणि त्यांना अडवणाऱ्या अकरा जणांचा दुसरा. एकाच संघातले हे दोन्ही गट पूर्ण वेगळे असतात, त्यांचे प्रशिक्षकही वेगळे. आक्रमण करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाआधी कोण कुठे उभा राहणार, कोण कुठे धावणार, चेंडू फेकायचा की पळवायचा, हे ठरलेलं असावं लागतं. दोन प्रयत्नांच्या मध्ये मिळतात चाळीस सेकंद. त्यात ही चाल निवडून मैदानावर पोचवणारा माणूस म्हणजे साधारणपणे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आपल्याकडच्या फलंदाजी प्रशिक्षकाशी त्याची तुलना करू नका. फलंदाजी प्रशिक्षक नेटमध्ये शिकवतो आणि मग बाल्कनीत बसतो. हा माणूस प्रत्येक चेंडूला कोणता फटका मारायचा तेही सांगतो. म्हणून चाल फसली की शिव्याही त्यालाच.

आयोवाचे मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून त्या खुर्चीत आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये दोन वर्षं वाईट गेली की मुख्य प्रशिक्षकाचं सामान बांधून होतं. तिथे हे गृहस्थ पाव शतक टिकले. त्या काळात त्यांनी आक्रमणासाठी माणसं किती बदलली? केन ओकीफ, मग ग्रेग डेव्हिस, आणि २०१७ पासून तिसरे ब्रायन फेरेन्ट्झ. हो, आडनाव बरोबर ऐकलंत. ब्रायन हा कर्क यांचा मुलगा.

इथे तुमच्या डोक्यात जे आलं ते आयोवातल्या लोकांच्याही डोक्यात आलं. सरकारी विद्यापीठात बाप मुलाचा साहेब होऊ शकत नाही, तसा नियम आहे. म्हणून कागदावर अशी सोय केली, की ब्रायन यांचे वरिष्ठ वडील नाहीत, क्रीडा संचालक आहेत. रोजचं काम वडिलांच्या हाताखाली आणि मूल्यमापन दुसऱ्याच्या टेबलावर! ब्रायन अगदीच नवखे होते असंही नाही. ते आयोवासाठीच खेळले होते आणि व्यावसायिक लीगमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे काम करून आले होते. पण संघ धडपडायला लागला की लोकांना आधी आडनाव आठवतं.

आणि संघ धडपडला. २०२२ चा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटशी होता, म्हणजे एक पायरी खालच्या विभागातल्या संघाशी. आयोवा ७-३ जिंकला. सात म्हटलं की तुम्हाला एक टचडाउन आणि वरचा एक गुण असं वाटेल. तसं नव्हतं. एक फील्ड गोल, त्याचे तीन. आणि दोन सेफ्टी, त्यांचे दोन-दोन. प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे पकडलं की सेफ्टी मिळते, म्हणजे ते चार गुण बचाव करणाऱ्यांची कमाई. आक्रमणाच्या खात्यात काय ते किकरचे तीन. त्या हंगामात यार्डांच्या हिशेबात आयोवा देशातल्या १३१ संघांत १३० वा होता.

मग २०२३ च्या सुरुवातीला विद्यापीठानं ब्रायन यांचा करार बदलला. पगार ५० हजार डॉलरनं कापून साडेआठ लाख डॉलर केला आणि अट घातली: सामन्यामागे सरासरी २५ गुण आणि किमान ७ विजय. जमलं तर करार पुढे, नाही तर जून २०२४ ला संपला. बचावानं किंवा किक परतवताना मिळवलेले गुणही या सरासरीत धरायचे होते. म्हणजे स्वयंपाक्याची परीक्षा आणि शेजारणीनं पाठवलेली भाजीही त्याच्याच ताटात मोजायची! अशी अट प्रशिक्षकाच्या करारात जाहीरपणे लिहिलेली क्वचितच दिसते. मला विचाराल तर ही अट म्हणजे पळवाट होती. माणूस नको असेल तर तसं सांगावं. हवा असेल तर पाठीशी उभं राहावं. आकडा पुढे केला की निर्णय घेतल्याचं पाप कोणाच्याच माथी लागत नाही.

चाहत्यांनी मात्र गणित डोक्यावर घेतलं. तेरा सामने गुणिले पंचवीस, म्हणजे ३२५. त्यानंतरचा प्रत्येक सामना दोन धावफलकांवर खेळला गेला, एक मैदानावरचा आणि एक ३२५ चा. पेन स्टेटनं ३१-० असं धुतलं. पाठोपाठ पहिला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. त्या वर्षी संघ चौदा सामने खेळला आणि पंचवीसचा आकडा फक्त दोनदा ओलांडला: वेस्टर्न मिशिगनविरुद्ध ४१ आणि मिशिगन स्टेटविरुद्ध २६. वेस्टर्न मिशिगन हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीही संघ जिंकत होता, कारण फिल पार्कर यांचा बचाव पोलादी होता आणि टोरी टेलर नावाचा ऑस्ट्रेलियन पंटर होता. पंटर म्हणजे आक्रमण फसल्यावर चेंडू दूर लाथाडून देणारा. आक्रमण इतकं वारंवार फसत होतं की टेलरनं त्या हंगामात ४,४७९ यार्ड चेंडू लाथाडला. तो राष्ट्रीय विक्रम ठरला. संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू पंटर असणं म्हणजे क्रिकेटमध्ये सर्वात जास्त टाळ्या नाइट वॉचमनला मिळण्यासारखं आहे.

२१ ऑक्टोबरला मिनेसोटाकडून १२-१० अशी हार झाली आणि ३० ऑक्टोबरला हंगामी क्रीडा संचालक बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं, की या हंगामानंतर ब्रायन राहणार नाहीत. नियमित हंगामातले चार सामने अजून बाकी होते. मुलाला काढल्याची घोषणा झालेली, आणि शनिवारी बाप-लेक त्याच मैदानावर त्याच रंगाचे कपडे घालून उभे. हंगामाच्या मधोमध असं जाहीर होणं कर्क यांना पसंत नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. पुढचे चारही सामने आयोवानं जिंकले: १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. आकडे बघा! बिग टेनच्या पश्चिम विभागाचं विजेतेपदही मिळालं. मग मिशिगननं २६-० आणि १ जानेवारीला टेनेसीनं ३५-० हरवलं. हिशेब लागला १० विजय, ४ पराभव आणि सरासरी १५.४ गुण.

आणि ३० ऑक्टोबरपासूनच तो खेळ सुरू झाला होता, ज्यासाठी आजचा भाग करतोय. पुढचा कोण?

अमेरिकेतले चाहते हा तर्क कसा लढवतात ते बघण्यासारखं आहे. पहिली पद्धत गोतावळ्याची. मुख्य प्रशिक्षकाबरोबर पूर्वी कोण होतं, कोणाच्या हाताखाली कोण शिकलं, याची झाडं काढायची. विस्कॉन्सिनचे माजी मुख्य प्रशिक्षक पॉल क्रिस्ट यांचं नाव त्यातूनच पुढे आलं. शेजारच्या राज्यातले होते, खेळाची समजही फेरेन्ट्झ यांच्याच जातकुळीची. बरेच दिवस लोकांनी ते जवळजवळ पक्कंच धरलं होतं.

दुसरी पद्धत विमानांची. खासगी विमानांच्या फेऱ्या उघड बघता येतात, त्यामुळे कोणत्या गावाहून कोणतं विमान उतरलं यावर रात्र रात्र खल चालतो. बहुतेक वेळा त्या विमानात कोणी देणगीदार असतो, मुलीच्या लग्नाहून परतणारा. तिसरा धागा सगळ्यात फसवा, तो म्हणजे एजंट. एकेका एजंटाकडे अनेक प्रशिक्षक असतात. एखाद्याचं नाव बातमीदाराच्या कानावर घातलं की त्याचं सध्याचं विद्यापीठ घाबरून पगार वाढवतं. म्हणजे बातमीत आलेली अर्धीअधिक नावं तिकडे जाण्यासाठी नसतातच, इकडे राहण्यासाठी असतात. आपल्याकडे दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवून पगारवाढ मागतात, तसंच हे. फक्त इथे लेटर छापून येतं.

बरं, नाव जाहीर झालं म्हणजे संपलं असंही नाही. बॉबी पेट्रिनो डिसेंबर २०२२ मध्ये लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाचे कोऑर्डिनेटर झाले आणि काही आठवड्यांत टेक्सास ए अँड एमला निघूनही गेले. २०२४ च्या सुरुवातीला रायन ग्रब आपल्या मुख्य प्रशिक्षकामागोमाग अलाबामाला आले आणि एकही सामना न खेळवता सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा अलाबामाला परतले!

आयोवात नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. डिसेंबरात शाळकरी खेळाडू विद्यापीठांशी करार करतात, दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यांची खिडकीही तेव्हा त्याच सुमारास उघडायची. आक्रमण कोण चालवणार हेच माहीत नसेल तर अठरा वर्षांच्या क्वार्टरबॅकनं सही करायची कोणाच्या भरवशावर? लोकांची चिडचिड नुसती हौशी नव्हती. शिवाय कोऑर्डिनेटर बदलला की त्याच्या हाताखालच्या प्रशिक्षकांच्या नोकऱ्याही डळमळतात. त्यांची घरं, पोरांच्या शाळा, सगळं टांगणीवर. तर्काच्या धुमाळीत ही माणसं कोणाला दिसत नाहीत.

आणि खरा प्रश्न वेगळाच होता. तीन कोऑर्डिनेटर झाले, पण संघाचा विचार एकच राहिला: चूक करू नका, चेंडू जपा, बाकी बचाव बघून घेईल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चाहते नाव शोधत होते, पण ठरायचं होतं ते हे, की पंचवीस वर्षं एका पद्धतीनं जिंकलेला माणूस दुसऱ्याला किती मोकळीक देईल.

जानेवारीच्या शेवटी नाव आलं. टिम लेस्टर. सुरुवातीच्या चर्चेत हे नाव फारसं कोणाच्या तोंडी नव्हतं. २०२२ अखेर त्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढण्यात आलं होतं, तेही वेस्टर्न मिशिगनमधूनच. त्यानंतर वर्षभर ते व्यावसायिक लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सकडे विश्लेषक होते. पॅकर्स त्या वर्षी २० जानेवारीपर्यंत प्लेऑफमध्ये टिकून होते, त्यामुळे उशिराचाही हिशेब मागाहून लागतो. दरम्यान आयोवा सिटीत उतरलेली सगळी विमानं मोजून झाली होती.

लेस्टर यांनी चेंडू सुरू होण्याआधी खेळाडूंना इकडून तिकडे हलवायला सुरुवात केली, म्हणजे बचाव करणाऱ्यांना अंदाज चुकावा. २०२४ मध्ये केलेब जॉन्सननं चेंडू घेऊन १,५३७ यार्ड धाव घेतली आणि धावत २१ टचडाउन केले, हा विद्यापीठाचा विक्रम. सरासरी अठ्ठावीस गुणांच्या आसपास गेली. जुन्या करारातली ती पंचवीसची अट सहज पूर्ण झाली असती. पण विजय? दहाचे आठ झाले. चेंडू फेकण्यातही संघ अजून देशातल्या दुबळ्यांतच होता.

तेव्हा चाहते नव्या तर्काला लागले: पुढचा क्वार्टरबॅक कोण? २०२५ साठी मिळाला मार्क ग्रोनोव्स्की. तो आला साउथ डकोटा स्टेटहून. त्या ७-३ च्या सामन्यात आयोवासमोर क्वार्टरबॅक म्हणून उभा होता, तो हाच.