डोंगरातील राजधानी आणि रविवारचे रस्ते

शहरातील रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हे विधान कोणी नाकारीत नाही. परंतु त्या मालमत्तेचा प्रत्यक्ष उपभोग कोणाच्या वाट्याला किती येतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. रस्ता बांधण्यासाठी जो कर गोळा होतो तो पायी चालणारा, बसने जाणारा आणि मोटार बाळगणारा असे सारेच देतात. रस्त्याची जागा मात्र ज्याचे वाहन मोठे त्याला अधिक मिळते. ही वाटणी निसर्गनियमाप्रमाणे अटळ आहे असे आपण गृहीत धरून चालतो. ती अटळ नाही, हे दक्षिण अमेरिकेतील एका डोंगरी शहराने जवळजवळ अर्धशतक, दर रविवारी, दाखवून दिले आहे.

ते शहर म्हणजे कोलंबियाची राजधानी बोगोटा. अँडीज पर्वतराजीतील एका विस्तीर्ण पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर ते वसलेले आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे. बोगोटातील सपाटीचे रस्तेदेखील त्याहून सुमारे हजार मीटर वर आहेत. पूर्वेला मोन्सेराते व ग्वादालुपे या शिखरांची भिंत आणि पश्चिमेला पसरलेली सपाटी, अशी या शहराची रचना. १५३८ साली स्पॅनिश सेनानी गोन्सालो हिमेनेस दे केसादा याने मुइस्का लोकांच्या प्रदेशात त्याची स्थापना केली. आज लोकसंख्या सुमारे ८० लाख आहे. जुन्या शहरातून उत्तरेकडे जाणारा ‘कार्रेरा सेप्तिमा’ म्हणजे सातवा मार्ग हा या नगरीचा कणा होय. याच मार्गावर ९ एप्रिल १९४८ रोजी लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांची हत्या झाली आणि उसळलेल्या दंगलीत शहराचा मोठा भाग, त्याबरोबर ट्रामगाड्याही, जळाल्या. १९५१ मध्ये ट्राम कायमची बंद पडली आणि रस्ते मोटारी व बसगाड्यांच्या स्वाधीन झाले.

एका निदर्शनाची परिणती

१५ डिसेंबर १९७४ रोजी काही नागरिकांनी या परिस्थितीविरुद्ध एक अभिनव निदर्शन योजिले. वास्तुविशारद हाइमे ओर्तिस मारिन्यो हे त्यांतील एक प्रमुख. सातवा आणि तेरावा हे दोन मार्ग काही तासांपुरते मोटारींना बंद करण्यात आले आणि हजारो लोक सायकली घेऊन रस्त्यावर उतरले. वाढत्या मोटारींबद्दलचा निषेध आणि मोकळ्या जागेची मागणी अशी या निदर्शनाची दुहेरी भूमिका होती. जगभर अशी निदर्शने होतात व विसरली जातात. बोगोटात तसे घडले नाही. १९७६ साली महापौर लुईस प्रिएतो ओकाम्पो यांनी अध्यादेश काढून ठरावीक रस्ते ठरावीक वेळी सायकलींसाठी राखून ठेवण्याची अधिकृत तरतूद केली. ‘सिक्लोव्हिया’ हे त्या व्यवस्थेचे नाव. १९८२ नंतर महापौर आउगुस्तो रामिरेस ओकाम्पो यांच्या कारकिर्दीत तिचा विस्तार झाला. १९९५ मध्ये तिचा कारभार वाहतूक खात्याकडून काढून शहराच्या क्रीडा व मनोरंजन संस्थेकडे सोपविण्यात आला, आणि तेव्हापासून तिची खरी वाढ झाली.

दर रविवारी व सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळात सुमारे १२० किलोमीटर रस्ते मोटारींपासून मुक्त होतात. दुभाजक असलेल्या हमरस्त्यांवर अनेक ठिकाणी एक बाजू सायकलींना दिली जाते व दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. चौकाचौकांत गणवेशधारी मार्गरक्षक उभे राहून आडव्या वाहतुकीला वाट करून देतात. सायकलींबरोबर पायी चालणारे, धावणारे, चाकाच्या खुर्चीतून येणारे आणि मुलांच्या गाड्या ढकलणारे आईबाप हेही या रस्त्यांचे हक्कदार असतात. कडेला पंक्चर काढणारे व फळांचा रस विकणारे आपली दुकाने मांडतात. दहा लाखांहून अधिक लोक यात भाग घेतात, असे शहराचे प्रशासन सांगते. दुपारी दोनला अडथळे उचलले जातात आणि रस्ता पुन्हा मोटारींचा होतो.

खर्च किती, लाभ किती?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे ध्यानात घेण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे भांडवली खर्चाचा अभाव. ८० लाखांच्या दाट वस्तीत १२० किलोमीटर लांबीचे उद्यान निर्माण करावयाचे म्हटले, तर केवळ भूसंपादनाचा खर्चच कोणत्याही महापालिकेला झेपणार नाही. बोगोटाने नवी जमीन घेतली नाही. पूर्वीच बांधलेल्या मालमत्तेचा, ती कमी वापरात असताना, दुसरा उपयोग केला. वर्षाकाठी रविवार व सुट्ट्या मिळून सुमारे ७० दिवस धरले, तरी रस्ते बंद राहण्याचा काळ ४९० तासांच्या आसपास भरतो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे मोटारींकडून घेतलेला वेळ ६ टक्क्यांहूनही कमी आहे.

लाभाची मोजदादही झाली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार शहरांतील अशा उपक्रमांचा खर्च व त्यामुळे वाचणारा वैद्यकीय खर्च यांची तुलना करण्यात आली. बोगोटात दर सहभागी व्यक्तीमागे वर्षाचा खर्च सुमारे ६ अमेरिकी डॉलर निघाला आणि खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३.२३ ते ४.२६ डॉलर इतकी बचत आढळली. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात हेच प्रमाण १.०२ ते १.२३ होते. या तफावतीवरून, केवळ रस्ता बंद केला की लाभ आपोआप पदरात पडतो, असे म्हणता येणार नाही. लोक किती संख्येने व किती नियमाने येतात, यावर सारे अवलंबून आहे.

अर्थात आक्षेप घेणारे तेथेही आहेत. या व्यवस्थेमुळे रविवारी वाहतुकीची कोंडी होते, अशी तक्रार करून २००७ मध्ये कोलंबियाच्या संसदेतील एका सदस्याने तिला कात्री लावणारे विधेयक मांडले. तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. रस्ता एकाला दिला की दुसऱ्याला वळसा पडतो. ज्याला रविवारी रुग्णालयात किंवा कामावर जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा वळसा खराच असतो. परंतु तोवर सिक्लोव्हियाला तीस वर्षे लोटली होती व ती शहराच्या अंगवळणी पडली होती. नागरिकांनी, माजी महापौरांनी आणि नगरसेवकांनी विरोध केला आणि तो प्रस्ताव बारगळला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रविवारची हौस म्हणजे सोमवारची वाहतूक नव्हे, असे टीकाकार म्हणतात. हेही काही अंशी खरे आहे. मात्र बोगोटा रविवारवर थांबले नाही. महापौर एन्रिके पेन्यालोसा यांच्या काळात, १९९८ ते २००० या वर्षांत, कायमच्या सायकलमार्गांचे जाळे मोठ्या प्रमाणावर बांधले गेले. २४ फेब्रुवारी २००० रोजी संपूर्ण शहरात खाजगी मोटारीविना कामाचा एक दिवस पार पडला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जनतेने सार्वमताने हा दिवस दरवर्षी पाळण्याचा कौल दिला. २०१९ च्या पाहणीत शहरातील सुमारे ७ टक्के दैनंदिन प्रवास सायकलीने होत असल्याचे दिसून आले. २०२० साली महामारीच्या काळात बसमधील गर्दी टाळण्यासाठी तात्पुरते सायकलमार्ग काही दिवसांत उभे राहिले, ते रविवारच्या अनुभवाची शिदोरी प्रशासनापाशी होती म्हणूनच.

घाट आणि सपाटी

कोलंबियात सायकल हा राष्ट्रीय खेळच आहे, तेव्हा तेथे हे सोपे गेले, असा युक्तिवाद कोणी करील. त्या देशाची सायकल शर्यत १९५१ पासून चालू आहे आणि बोगोटाजवळच्या सिपाकिरा येथे वाढलेल्या एगान बेर्नाल याने २०१९ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ जिंकली, हे खरेच. शहराच्या पूर्वेकडून ला कालेराकडे चढणारा घाट हौशी स्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. परंतु त्या घाटावर मोटारींच्या सोबतीने चढून जाणे हे धडधाकट शरीराचे व धीट मनाचे काम. सात वर्षांच्या मुलीला किंवा सत्तरीतील आजोबांना तो घाट उपयोगाचा नाही. १९७४ पूर्वीही शर्यती होत्याच, आणि तरीही शहरातील रस्ते मोटारींचे होते. तेव्हा खेळाची आवड एक, आणि सामान्य माणसाचा रस्त्यावरील हक्क दुसरा. हा हक्क अध्यादेशाने व अंदाजपत्रकातील तरतुदीने मिळाला.

आर्थिक विषमतेने दुभंगलेल्या या शहरात त्याचे आणखी एक मोल आहे. उत्तरेकडे संपन्न वस्त्या, दक्षिणेकडे गरिबांच्या. वीज-पाण्याचे दर ठरविण्यासाठी तेथील घरांची सहा स्तरांत अधिकृत विभागणी केलेली आहे. सिक्लोव्हिया उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पोहोचते. तिने विषमता नाहीशी होत नाही, आणि दक्षिणेच्या उभ्या टेकड्यांवरील झोपड्यांपर्यंत ती चढूही शकत नाही. तथापि सात तास का होईना, दोन्ही वस्त्यांतील माणसे एकाच रस्त्यावर, एकाच गतीने वावरतात.

आपल्या देशाशी या कथेचा धागा जुळतो. बोगोटापासून स्फूर्ती घेऊन गुरगाव येथे नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’ सुरू झाली. मुंबईत २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझ भागात आणि मार्च २०२२ पासून पोलिसांच्या पुढाकाराने मरीन ड्राइव्हसह काही रस्त्यांवर असे रविवार साजरे झाले. उत्साह भरपूर होता. परंतु बोगोटाप्रमाणे वर्षानुवर्षे चालणारी अखंड व्यवस्था त्यांतून उभी राहिली नाही. एखादा अधिकारी किंवा एखादी संस्था यांच्या उत्साहावर उभा असलेला उपक्रम त्यांच्या बदलीबरोबर वा थकव्याबरोबर संपतो. येत्या रविवारी रस्ता खुला असेल याची खात्री नसेल, तर कोणी मुलासाठी सायकल विकत घेणार नाही आणि पंक्चरवालाही दुकान मांडणार नाही.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला किंवा मुंबईला बोगोटाची हुबेहूब नक्कल करण्याचे कारण नाही. हवामान वेगळे, रस्ते अरुंद, गर्दी अधिक. परंतु ठरलेले रस्ते, ठरलेली वेळ, जबाबदार असे एक खाते आणि अंदाजपत्रकात दरवर्षीची लहानशी तरतूद, एवढ्या चार गोष्टी कोणत्याही महापालिकेच्या आवाक्यातील आहेत. उड्डाणपुलाच्या एका खांबाचे काम मंजूर करण्यापूर्वी नगरसेवकांनी एवढा हिशेब एकदा मांडून पाहावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.