जुन्या एंजिनाचे नवे बळ

गंगेच्या उजव्या तीरावर, काशीच्या घाटांच्या थोडे वरच्या अंगाला, रामनगरचा किल्ला उभा आहे. अठराव्या शतकात काशीनरेश बलवंतसिंह यांनी तो बांधविला. किल्ल्यातील वस्तुसंग्रहालयात पालख्या आणि शस्त्रे यांच्याबरोबरच काही जुन्या अमेरिकन मोटारीही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या जिज्ञासू प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न सहज यावा : अशा जुन्या गाडीचे मूळचे एंजिन न काढता त्याची शक्ती वाढविता येईल काय? आणि येत असेल, तर ती वाढीव शक्ती येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यात नाही. ते नदीच्या पलीकडे, वाराणसीतील मंडुवाडीह भागात असलेल्या आगगाडीच्या एंजिनांच्या कारखान्यात सापडते. एप्रिल 1956 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. जानेवारी 1964 मध्ये तेथील पहिले डिझेल एंजिन लालबहादुर शास्त्री यांनी राष्ट्राला अर्पण केले. शास्त्रीजींचे वडिलोपार्जित घर रामनगरातच आहे. रेल्वेच्या बोलीत सबंध वाहनालाही एंजिन म्हणतात. घोटाळा होऊ नये म्हणून येथे वाहनास लोकोमोटिव्ह व त्याच्या पोटातील शक्तियंत्रास एंजिन असे म्हटले आहे.

एकाच वर्षाची दोन एंजिने

1964 या वर्षीच्या अमेरिकेतही एका एंजिनाची चर्चा होती. बेताच्या आकाराच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे एंजिन बसविण्याची टूम तेथे निघाली होती. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, हे नाव पडले. त्यांपैकी ‘पाँटिअॅक जीटीओ’ या गाडीच्या एंजिनात आठ सिलिंडर होते आणि त्यांचे एकूण आकारमान 389 घन इंच, म्हणजे सुमारे 6.4 लिटर होते. चार तोंडांचा एक कार्बुरेटर बसविला असता हे एंजिन 325 अश्वशक्ती देई. त्याऐवजी दोन तोंडांचे तीन कार्बुरेटर बसविले की तेच एंजिन 348 अश्वशक्ती देऊ लागे. सिलिंडर तितकेच, दट्टे तितकेच. वाढली ती केवळ हवा आत येण्याची वाट.

सर्व रहस्य या एका गोष्टीत आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे 15 किलोग्रॅम हवा लागते. इंधन द्रवरूप असल्यामुळे ते हवे तितके आत घालता येते. हवा मात्र विरळ असते आणि तिला जागा लागते. म्हणून कोणत्याही एंजिनाची शक्ती ते किती इंधन पिते यापेक्षा किती हवेचा श्वास घेते यावर ठरते. हवेच्या मानाने इंधन अधिक झाले तर ते अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. धूर हे ताकदीचे लक्षण आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो वाया गेलेल्या इंधनाचा पुरावा होय.

शक्ती वाढविण्याचे तीन मार्ग

अश्वशक्ती हे कार्य करण्याच्या वेगाचे माप आहे. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. एंजिनाची शक्ती तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : सिलिंडरांचे आकारमान, दट्ट्यावर पडणारा सरासरी दाब आणि मिनिटास होणारे फेरे. मूळचे एंजिन कायम ठेवावयाचे तर आकारमान जवळजवळ जसेच्या तसे राहते. उरतात दाब आणि फेरे.

फेरे वाढविणे हा सर्वांत मोहक मार्ग. पण तोच सर्वांत धोक्याचाही आहे. दट्टा प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. त्या वेळी त्याच्या जोडदांड्यास बसणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे सव्वापट केले तर ताण दीडपटीहूनही अधिक होतो.

दुसरा मार्ग संपीडन वाढविण्याचा. पेट्रोल एंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आठपट दाबण्याऐवजी दहापट दाबले, तर गणिताप्रमाणे त्याच इंधनातून सहा ते सात टक्के अधिक काम मिळते. परंतु अति दाबलेले मिश्रण तापून ठिणगीपूर्वी किंवा ठिणगीनंतर भलत्याच ठिकाणी पेट घेते. एंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याचा माथा भाजून निघतो.

तिसरा मार्ग श्वास मोठा करण्याचा. झडपा रुंद करणे, त्या अधिक वेळ उघड्या ठेवणे, जळलेल्या वायूची वाट मोकळी करणे हे त्याचे साधे प्रकार होत. हवा मुद्दाम कोंबून आत भरणे हा त्याचा प्रगत प्रकार. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली याच कल्पनेचे एकस्व घेतले. बाहेर वाया जाणाऱ्या उष्ण वायूने एक चक्र फिरवावयाचे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरांत लोटावयाची, अशी ती योजना होती. तिलाच आज टर्बोचार्जर म्हणतात.

वाराणसीचे उदाहरण

मंडुवाडीहच्या कारखान्यात तयार होणारे एंजिन मूळचे ‘अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी’चे होते. त्यात सोळा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरचा व्यास 9 इंच आणि दट्ट्याची धाव साडेदहा इंच. एकेका सिलिंडरात सुमारे 11 लिटर हवा मावते. म्हणजे दीड सिलिंडरातच त्या अमेरिकन मोटारीची दोन एंजिने सहज सामावतील. मिनिटास 1000 फेरे होताना हे एंजिन, टर्बोचार्जर नाही असे मानले तरी, सुमारे 88,000 लिटर हवा ओढील. ‘डब्ल्यूडीएम-2’ या लोकोमोटिव्हमध्ये त्याची शक्ती 2600 अश्वशक्ती होती. अशी अडीच हजारांहून अधिक लोकोमोटिव्ह भारतात तयार झाली.

परंतु 1969 साली त्या अमेरिकन कंपनीने लोकोमोटिव्ह बांधणे बंद केले. जिच्याकडून विद्या घेतली तिचेच दार बंद झाले. देशाच्या मालगाड्या व प्रवासी गाड्या ज्या एंजिनावर अवलंबून होत्या, त्याची सुधारणा यापुढे कोणी करावयाची? ती येथेच करावी लागली. लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन संस्थेत चाचणी-मंचांवर एंजिने चालवून पाहण्यात आली आणि एकेक दोष शोधून दूर करण्यात आला.

या सुधारणेत प्रथम अधिक क्षमतेचा टर्बोचार्जर आला. हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. म्हणून तिला थंड करणारा मोठा शीतक बसविला. 100 अंशांची हवा त्याच दाबाखाली 60 अंशांपर्यंत थंड केली, तर तेवढ्याच जागेत सुमारे 12 टक्के अधिक हवा मावते. इंधन फवारणाऱ्या पंपाच्या दांड्याचा व्यास 15 मिलिमीटरांवरून 17 मिलिमीटर झाला, त्यामुळे इंधन कमी वेळात आत जाऊन योग्य क्षणी जळू लागले. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या असतात. तो काळ वाढविल्यामुळे ताज्या हवेच्या झोताने उरलेला जळका वायू धुऊन निघू लागला आणि दट्ट्याचा माथाही निवू लागला. शेवटी वाढलेली उष्णता सोसण्यासाठी दट्ट्यास पोलादी माथा देण्यात आला.

परिणामी त्याच आकारमानाचे एंजिन 1990 नंतरच्या दशकात 3100 आणि त्यानंतर 3300 अश्वशक्ती देऊ लागले. ही मूळच्या शक्तीहून सुमारे 27 टक्क्यांची वाढ होय.

शक्तीची किंमत

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास पाहिजे. यांतील कोणताही एक भाग एकट्याने पुरेसा नव्हता. केवळ मोठा टर्बोचार्जर बसविला असता तर दट्टे भाजले असते. केवळ इंधन वाढविले असते तर धूर वाढला असता. एंजिन ही एक साखळी आहे आणि तिची शक्ती सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते. जुन्या मोटारीस एखादा महाग भाग लावून बळ मिळेल, अशी आशा करणाऱ्यास अनेकदा निराश व्हावे लागते ते याच कारणाने. त्याने प्रथम जीर्ण कड्या, गळक्या झडपा आणि तुंबलेली धुराची नळी यांकडे पाहावे. हरवलेली शक्ती परत मिळविणे ही शक्ती वाढविण्याची पहिली पायरी होय.

आकड्यांच्या बाबतीतही सावधपणा हवा. 1970 पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांची अश्वशक्ती पंखा, धुराची सबंध नळी वगैरे जोडण्या न लावता मोजीत असत. पुढे त्या लावून मोजण्याची पद्धत आली आणि आकडे एकदम उतरले. एंजिन तेच होते. बदलले होते ते माप.

प्रत्येक सुधारणेला अखेर एक सीमा असते. फेब्रुवारी 2019 मध्ये, याच कारखान्यात डिझेलवरून विजेवर रूपांतरित केलेल्या लोकोमोटिव्हला हिरवा झेंडा दाखविण्यात आला. पुढच्याच वर्षी कारखान्यास ‘बनारस रेल एंजिन कारखाना’ असे नाव मिळाले. ज्या एंजिनाचा श्वास अर्धशतकभर वाढवीत नेला, ते बाजूस ठेवून विजेच्या तारेतून शक्ती घेण्याचा दिवस आला. तरीही ते श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याने घडविलेले यंत्र चालविणे ही एक विद्या आहे. ते उघडून त्याचा कच्चा दुवा ओळखणे आणि तो पक्का करणे ही त्याहून मोठी विद्या आहे. रामनगरच्या किल्ल्यातील स्तब्ध मोटारी पाहून नदी ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे जरी मनात घेतले, तरी त्या मोटारींचे दर्शन त्यास लाभदायक झाले असे म्हणावे लागेल.