अठरा लाखांचं पॅकेज, हातात किती?

हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीनं अठरा लाखांचं सीटीसी देऊ केलं की मन लगेच दरमहा दीड लाखाचा हिशेब मांडतं. तो चुकतो. समजा, मूळ वेतन नऊ लाख आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १.०८ लाख, कंपनीचा पीएफ, ४.८१ टक्के, सुमारे ४३ हजार, ग्रॅच्युइटीची तरतूद. व्हेरिएबल दोन लाख धरा. तुमच्या वाट्याचा पीएफही तेवढाच कापला जातो. उरतात महिना साधारण एक लाख बारा हजार, तेही प्राप्तिकर वजा होण्याआधी. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत सहसा पाच वर्षं टिकणाऱ्यालाच मिळते!

म्हणून घासाघीस करायची ती फिक्स्ड पगारावर. जॉइनिंग बोनस भुरळ घालतो, पण वर्षाच्या आत सोडून गेलात तर बहुधा परत द्यावा लागतो, आणि पुढची पगारवाढ त्यावर मोजली जात नाही. एचआर आधीचा पगार विचारणारच. खोटा आकडा सांगू नका, पगाराच्या स्लिपा मागतातच. मात्र अपेक्षा त्या आकड्याला बांधू नका, बाजारभाव सांगा. नव्वद दिवसांच्या नोटिशीचे पैसे नवी कंपनी भरणार का, तेही विचारा. जे कबूल होईल ते ऑफर लेटरमध्ये आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.