क्षार, लवण आणि चोपण : जमिनीच्या एका उपचाराची परिभाषा

समान संस्कृत शब्द हे भारतीय भाषांना जोडणारे सूत्र होय, असे सामान्यतः मानले जाते. तथापि एकच शब्द दोन शेजारभाषांत भिन्न अर्थाने स्थिरावला, म्हणजे अनुवादकाची फसगत होते. जमीन-सुधारणेच्या वाङ्मयातील ‘क्षार’ हा शब्द याचे ठळक उदाहरण आहे. आणि येथे होणाऱ्या चुकीची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

भारतात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन अशा दोषाने ग्रासलेली आहे. मात्र हा दोष एक नसून दोन आहेत. पहिल्या प्रकारच्या जमिनीत विद्राव्य मिठांचा संचय होतो, उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो; सामू मात्र ८.५ च्या आतच असतो. दुसऱ्या प्रकारात मिठे अल्प, परंतु मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आणि सामू ८.५ च्या वर असतो. अशा जमिनीतील चिकणमातीचे कण विलग होऊन छिद्रे बुजतात. पाणी मुरत नाही, आणि वाळल्यावर माती दगडासारखी टणक होते.

या दुसऱ्या प्रकारावरचा उपाय म्हणजे जिप्सम हे खनिज. त्यातील कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेते. सुटलेले सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात विरघळते व निचऱ्यावाटे खाली जाते. कर्नाल येथे १९६९ साली स्थिरावलेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने गंगा-सिंधूच्या मैदानासाठी या उपचाराची पद्धत घालून दिली : बांधबंदिस्ती व सपाटीकरण करावे, हेक्टरी साधारणतः १० ते १५ टन जिप्सम वरच्या १० सेंटिमीटर थरात मिसळावे, पाणी साठवून ठेवावे आणि पहिले पीक भाताचे घ्यावे. पहिल्या प्रकारच्या जमिनीला मात्र जिप्समची गरज नसते. तिला हवे असते गोडे पाणी आणि चांगला निचरा. उलटपक्षी, मिठे व सोडियम दोन्ही असलेली जमीन कॅल्शियमवाचून नुसतीच धुतली, तर मिठे जातात, सोडियम राहते आणि जमीन अधिकच बिघडते.

हिंदीत पहिल्या प्रकारास ‘लवणीय’ व दुसऱ्यास ‘क्षारीय’ म्हणतात. मराठी कृषिवाङ्मयात ‘क्षार’ म्हणजे सर्वसाधारण मीठ; म्हणून ‘क्षारयुक्त’ जमीन ही पहिल्या प्रकारची ठरते, आणि दुसरीला ‘चोपण’ हा देशी शब्द आहे. तेव्हा हिंदी पुस्तिकेतील ‘क्षारीय’ मराठीत ‘क्षारयुक्त’ झाले की निदानच उलटते. ज्या जमिनीला जिप्समची गरज नाही तिच्यावर ते पडते, आणि चोपण जमीन उपचारावाचून राहते.

मूळ अर्थ कोणत्या भाषेने जपला, याचे उत्तर संस्कृत वाङ्मयात सापडते. ‘ऊष’ या शब्दापासून ‘ऊषर’ सिद्ध होतो, असे पाणिनी सांगतो. अमरकोशात ‘ऊष’ म्हणजे क्षारमृत्तिका, असा अर्थ दिला आहे. मनुस्मृतीत ऊषर भूमी दोन भिन्न संदर्भांत डोकावते : अपात्री विद्यादान हे ऊषरात बी पेरण्यासारखे आहे, असे दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, तर पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांच्या शुद्धीसाठी ऊषाचा उपयोग सांगितला आहे. हा दुसरा उल्लेख निर्णायक मानावा लागेल. साध्या मिठाने मळ निघत नाही; तो निघतो सोडियम कार्बोनेटने. उत्तर भारतातील धोबी ‘रेह’ नावाची माती याच कामी वापरीत. म्हणजे ‘ऊषर’, आणि त्यापासून आलेला ‘ऊसर’, हे प्रामुख्याने दुसऱ्याच प्रकारच्या जमिनीचे नाव होय. हिंदीतील ‘क्षारीय’ जुन्या अर्थाच्या जवळ राहिले. मराठीत ‘क्षार’ व्यापक झाला आणि भेद दाखविण्याचे काम ‘चोपण’ने पत्करले.

साहित्यानुवादात ‘ऊसर’साठी ‘नापीक’ वा ‘ओसाड’ असे शब्द सर्रास योजले जातात. त्यांतून निष्फळतेचा भाव पोचतो, पण पाणी वर साचले असतानाही तहानलेली राहणारी भूमी हे त्यामागचे चित्र हरवते. शिवाय ‘ओसाड’ भूमीला उपाय नाही असे वाटते. चोपण भूमीला तो आहे. उत्तर प्रदेशात १९९३ पासून राबविलेल्या ऊसर-सुधार प्रकल्पात अशाच जमिनींवर भात आणि गहू उभे राहिले. योग्य शब्दाची निवड ही येथे योग्य उपचाराची पहिली पायरी ठरते.