दोन पेट्या, एक गाणं
लेखमाला : मुलखाचे सूर, भाग ९

औंढा नागनाथहून वसमतला जाताना वाटेत शिरड शहापूर लागतं. बाहेरगावचा माणूस इथं उतरतो तो बहुधा मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरासाठी. आजचा भाग मात्र या पट्ट्यातल्या दुसऱ्याच भक्तांचा आहे, रात्र रात्र जागून गायनपार्ट्या ऐकलेल्या माणसांचा. साठीच्या पुढच्या कुणाजवळही प्रल्हाद शिंदेंचं किंवा विठ्ठल उमपांचं नाव काढा. तंबाखू मळता मळता तो गाणाऱ्याची पट्टी सांगेल, ढोलकीवाल्याचा हात सांगेल, त्या रात्री थंडी किती होती तेही सांगेल. मुकाबला कुणी जिंकला यावर मात्र दोघांचं एकमत व्हायचं नाही. पण पहाटे दोन्ही पार्ट्यांनी मिळून एक गाणं म्हटल्याची आठवण कुणी काढली की वाद तिथंच थांबतो. अशी आठवण फार थोड्यांच्या गाठीला असते. ती इतकी दुर्मिळ का, हे कळायला मुकाबल्याची घडण बघावी लागते.

मागच्या भागात आपण गोंधळ पाहिला. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ज्या कलेला मोठ्या शहरांच्या रंगमंचावर मान मिळवून दिला, त्या गोंधळात नायक पुढे आणि झील धरणारे मागे, असा मामला असतो. (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, त्याआधी शिरड शहापूरही परभणीतच.) आवाज दोन-तीन असले तरी म्होरक्या एकच. मुकाबल्यात म्होरके दोन, आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

हा प्रकार आला कुठून? एक धागा आंबेडकरी जलशाचा. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत भीमराव कर्डकांसारख्या नाशिककडच्या कलावंतांनी १९३०च्या दशकात बाबासाहेबांचा विचार गावोगाव गाऊन पोचवला. दुसरा धागा कव्वालीचा. १९५८च्या ‘अल हिलाल’मधल्या इस्माईल आझादांच्या कव्वालीनं आणि १९६०च्या ‘बरसात की रात’मधल्या सामन्यांनी कव्वाली घराघरांत गेली. शकीला बानो भोपाली यांच्यासारखी बाई पुरुष कव्वालांच्या बरोबरीनं मंच गाजवते, हेही लोकांनी पाहिलं. निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला उर्दूचा कान होताच. दोन्ही धागे गुंफले गेले आणि पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या वाजवणारा कोरस असा सरंजाम घेऊन भीमगीतांची पार्टी उभी राहिली. तिला शब्द पुरवले वामनदादा कर्डकांनी. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, अक्षरओळख मोठेपणी झालेला हा कवी हजारो गाणी लिहून गेला. त्यांतली किती छापली गेली आणि किती नुसती गायकांच्या तोंडी राहिली, याचा हिशेब लागणं कठीण आहे. वामनदादा स्वतःही गात, पण त्यांच्या गाण्यावर त्यांनी पहारा कधी बसवला नाही. ज्याला भावलं त्यानं उचललं.

पोस्टरवर ‘कव्वालीचा दुय्यम मुकाबला’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असायचं. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका, दोघांची आपापली पार्टी. आधी वंदना, मग बुद्ध-भीमगीतं, आणि रात्र चढली की सवाल. एका पार्टीनं सवाल टाकला की दुसरीनं त्याच चालीत, त्याच वजनात जवाब द्यायचा. जवाब जुळवायला वेळ हवा म्हणून कोरस धृपद घोळवत राहतो. जाणता ऐकणारा इथंच ओळखायचा, धृपद चौथ्यांदा फिरलं म्हणजे बाईंना शब्द सापडत नाहीये! तेवढ्यात बक्षिसाची नोट पुढे येते, गाणारा गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारतो, आणि अडलेल्याला श्वास मिळतो. या पुकाऱ्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो त्या मंचाच्या रचनेचाच भाग वाटतो.

म्हणजे रात्रभर दोघं एकाच मंचावर असतात, पण एकत्र गात नाहीत. आळीपाळीनं गातात. एकत्र गायचं म्हटलं की पहिली अडचण पट्टीची. पुरुष गायक काळी एक-दोनच्या आसपास मोकळा असतो, बाईंचा आवाज काळी चार-पाचला खुलतो. मधली पट्टी धरली तर एकाला वर ताणावं लागतं, नाहीतर दुसऱ्याला खाली घुसमटावं लागतं. रात्रभर गाऊन घसा बसलेला असताना ही जोखीम कोण घेणार?

त्याहून नाजूक अडचण पेटीची. पेटीचे सूर तिच्या पोटातल्या पितळी पट्ट्यांवर ठरलेले असतात, ऐन मंचावर ते बदलता येत नाहीत. वेगवेगळ्या कारागिरांनी वेगवेगळ्या काळी लावलेल्या दोन पेट्यांचा षड्ज तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. अंतर केसभर असलं तरी दोन्ही एकदम वाजल्या की सुरात लहरी उठतात आणि कानाला त्रास होतो. ढोलक दोरी-कड्यांनी चढवता-उतरवता येतं, पेटीला ती सोय नाही. एकत्र गाण्यासाठी एका पार्टीनं आपली पेटी मिटायची आणि दुसरीच्या सुरात शिरायचं, एवढाच मार्ग उरतो. आणि रात्रभर एकमेकांची उणीदुणी काढल्यावर पेटी मिटायची कुणी? यातला अवघड भाग हा मानाचा. शिवाय सुपारी दोघांची वेगळी, बक्षीस ज्याच्या माईकवर येईल त्याचं. जोडीनं गायलेल्या गाण्यावर पडलेली नोट कुणाची, हा सवाल कुठल्याच शाहिरानं सोडवलेला नाही.

तरीही कधीतरी एक पेटी मिटायची. तो क्षण पाहिलेल्या माणसाला गाण्याचे शब्द सहसा आठवत नाहीत. भाता मिटताना पाहिलेला आठवतो. नामदेवाच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं असं सांगणाऱ्या औंढ्याच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना त्याचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

असं गाणं रेकॉर्डवर सापडत नाही, हे ओघानंच आलं. जुन्या तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. १९८०च्या दशकात कॅसेट आली, एका बाजूला अर्धा तास मिळू लागला, मुकाबल्याच्या कॅसेटीही निघाल्या. पण स्टुडिओत पेटी एकच असते आणि सवाल-जवाब आधी लिहून आणलेले असतात. तिथं कुणी अडत नाही, म्हणून कुणी जिंकतही नाही.

पुढे रात्रच आखडली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे बंद. राज्य सरकारनं ठरवून दिलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप मिळाली, ते योग्यच झालं. पण ज्या सामन्याला खरी धार मध्यरात्रीनंतर चढायची त्याचा उत्तरार्ध कापला गेला, हेही खरं. एकत्र गाण्याची वेळ यायची ती पहाटे, दोघंही दमल्यावर.

माणसंही गेली. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि चाळीस दिवसही झाले नव्हते तोच २३ जूनला प्रल्हाद शिंदे. मंगळवेढ्याकडच्या या गायकाचा आवाज पंढरीच्या वाटेवर जेवढा वाजतो तेवढाच १४ एप्रिलच्या मिरवणुकीत. एकाच गळ्यावर दोन्हीकडच्या लोकांनी हक्क सांगावा, असा दुसरा गायक महाराष्ट्रात मला दिसत नाही. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले.

आता आनंद आणि मिलिंद शिंदे आहेत, त्यांच्यामागून आदर्श आला आहे, नंदेश उमप आहेत. एका मंचावर दोन-तीन पिढ्या सहज गाताना दिसतात. कीबोर्डचं एक बटण दाबलं की पट्टी हवी तिथं सरकते, दोन पेट्यांचा तंटा उरलेला नाही. जुने ऐकणारे याला मानत नाहीत. “हे जमवलेलं हाय, जुळलेलं न्हाई,” असा त्यांचा शेरा. मला तो थोडा अन्याय वाटतो. बटणानं पट्टी जुळते, पण दुसऱ्याची हरकत संपेपर्यंत आपण कुठं थांबायचं हे अजूनही गाणाऱ्यालाच कळावं लागतं. आदर्श शिंदे वडिलांबरोबर गातात तेव्हा ते थांबणं ऐकावं, म्हणजे कोरसात बसून शिकणं काय असतं ते कळतं.

त्या कोरसाबद्दल, म्हणजे टाळ्यांच्या ठेक्याबद्दल आणि धृपद घोळवणाऱ्या, पोस्टरवर नाव न छापल्या गेलेल्या माणसांबद्दल, पुढच्या आठवड्यात.