कार्यघटक-श्रेणी
मोठ्या प्रकल्पाचे काम अंतिम फलितापासून मोजता येण्याजोग्या लहान घटकांपर्यंत उतरत्या क्रमाने विभागण्याची पद्धती. अमेरिकेचे संरक्षण खाते व नासा यांनी १९६२ मध्ये तिला निश्चित रूप दिले. आता ती बहुधा संगणकीय प्रणालींत मांडतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुल्या झालेल्या पुणे मेट्रोच्या जिल्हा न्यायालय–स्वारगेट या भुयारी टप्प्याची अशी मांडणी केल्यास मार्गिका, टप्पा, स्थानक व स्थानकातील कामे असे स्तर पडतील. प्रत्येक घटक वरच्या एकाच घटकाखाली असावा. अन्यथा तोच खर्च दोनदा धरला जातो. श्रेणी म्हणजे मात्र कालक्रम नव्हे. स्वारगेट स्थानकाचे खोदकाम व वायुवीजन एकाच स्तरावर दिसले, तरी खोदकामावाचून वायुवीजन-यंत्रणा बसविता येत नाही. हे अवलंबित्व स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. पुष्कळदा नेमके तेच राहून जाते.