घोड्याची पाठ आणि लेकराचा तोल

लग्नसराईत गोंदियाच्या वस्त्यांतून वरातीची घोडी फिरू लागते. बेंडबाजाचा आवाज आला की बायाबापड्या ओट्यावर येतात. एखादीच्या कडेवर चार-पाच वर्षांचे, पाय ताठ झालेले लेकरू असते. ते घोडीकडे हात करते, हसते. आणि शेजारची म्हातारी सहज बोलून जाते, “मागल्या जन्माचं भोगते बिचारं!”

१९५६ साली आपण धम्म स्वीकारला, तरी हे वाक्य अजून घरातून गेलेले नाही. मागल्या जन्माच्या पापाचा हा हिशेब बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात साफ नाकारला आहे. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणे, दिवस भरण्याआधी बाळंतपण होणे, नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाणे, लहानपणी मेंदूज्वर होणे, ही त्या ताठ पायांची कारणे असू शकतात. डॉक्टर या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. इजा मेंदूला झालेली असते. आईच्या नशिबाचा तिथे काही संबंध नाही.

लेकरू घोडीकडे हात करते यात मात्र विचार करण्यासारखे बरेच आहे. जगात अनेक ठिकाणी अशा मुलांना व्यायामोपचार म्हणून घोड्यावर बसवतात. ब्रिटनमध्ये अपंगांच्या घोडेस्वारीसाठी १९६९ साली देशव्यापी संस्था स्थापन झाली. आपल्या देशातही बंगळूर, चेन्नई अशा शहरांत हे काम चालते.

यात जादू काही नाही. माणूस चालतो तेव्हा त्याची कंबर पुढे-मागे होते, डावी-उजवीकडे झुकते आणि थोडी वळते. घोडा सावकाश चालताना पाठीवर बसलेल्याची कंबर जवळजवळ तशीच हलवतो. जे मूल स्वतः कधी चाललेले नाही, त्याच्या शरीराला चालण्याची ही लय पहिल्यांदा कळते. प्रत्येक पावलाला तोल थोडा जातो आणि मूल तो सावरते. पाच मिनिटांत शेकडो वेळा! पाय फाकलेले असल्याने मांड्यांचे आखडलेले स्नायू ताणले जातात. घोड्याचे अंग आपल्यापेक्षा किंचित उबदार असते, तेही स्नायू सैल व्हायला उपयोगी पडते. बसण्याची ढब आणि तोल सुधारल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. स्वमग्न मुलांपैकी काही या वेळी शांत होतात, सांगितलेले ऐकतात. पण हा उपचार रोग मुळापासून काढत नाही. तसे कोणी सांगून पैसे मागत असेल तर त्याच्या दारात उभे राहू नये.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली, त्या गरोदर असताना, पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मले, पण त्यांच्या गुडघ्याखालच्या पायांत बळ परत आले नाही ते नाहीच. तरी त्या पुन्हा घोड्यावर बसल्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले आणि १९५६ ला पुन्हा एकदा. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याचा हात लागत असे. त्यांचे यश पाहून युरोपात या उपचाराकडे लोक गंभीरपणे बघू लागले.

हे वाचून कोणी लेकराला वरातीच्या घोडीवर बसवू नये, ही कळकळीची विनंती! घोड्यावर बसला म्हणून आपल्या नवरदेवांना मार खावा लागल्याच्या बातम्या काही राज्यांतून आजही येतात, त्यामुळे घोड्याची हौस आपल्याला निराळी आहे हे खरे. परंतु उपचाराचा घोडा शांत, शिकवलेला असतो. एक जण लगाम धरतो, दोघे दोन बाजूंनी चालतात, मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. खुब्याचा सांधा निखळलेला असेल किंवा फिट आटोक्यात नसतील तर बसवतच नाहीत. डाउन सिंड्रोमच्या मुलाच्या मानेचा सांधा आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो.

मग आमगाव-देवरीच्या आईने काय करावे? घोड्याच्या पाठीमागचे तत्त्व घरात आणता येते. फिजिओथेरपिस्ट मुलाला गोल लोडावर दोन्हीकडे पाय टाकून बसवतात आणि हळूहळू झुलवतात. त्यांच्याकडून एकदा नीट शिकून घेतले की घरी घट्ट गुंडाळलेल्या गोधडीवरही ते जमते. लेकराला मांडीवर आडवे घेऊन फिरण्यापेक्षा पाय फाकवून कडेवर घेणे चांगले. आपल्या आज्या नेमके हेच करत आल्या, कारण मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे फिजिओथेरपीची चौकशी करावी. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे, त्यात आपल्या भागातला सिकलसेलही आहे. शासन आता ‘दिव्यांग’ म्हणते. म्हणो बापडे, दवाखान्याच्या पायऱ्यांना उतार झाला की आम्हीही म्हणू. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि व्यायामोपचारही बसतात. अपंगत्वाचा दाखला आधी काढून ठेवावा. त्यासाठी बापानेही एक दिवसाची रोजी बुडवून सोबत जावे. लेकरू कडेवर आणि कागद हातात, असे एकटीने किती रांगांत उभे राहायचे?